फाउंड्रीत 'ग्रीन' म्हणजे ओली वाळू

माझ्या पीएचडीच्या सर्व्हेच्या फॉर्ममधला चौथा प्रश्न असा होता, 'आमच्या कंपनीची उत्पादन प्रक्रिया हरित (ग्रीन) आहे.' त्याच्यापुढे पाच चौकटी, पूर्णपणे असहमत पासून पूर्णपणे सहमत पर्यंत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) मालक, साठीच्या पुढचे, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि पाचव्या चौकटीत टिक करून मोकळे झाले. मी मनातल्या मनात खूश, म्हटलं चला एक तरी खरं उदाहरण मिळालं. म्हणून सहज विचारलं, काका जरा सांगाल का काय काय आहे ग्रीन?

"अहो सगळं ग्रीनच हाय की. एक लाईन तेवढी नो-बेकची केलीया, बाकी वडिलांपासनं ग्रीनच."

मला कळायला पाच सेकंद लागले. ज्यांचा फाउंड्रीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे ग्रीन सँड म्हणजे साच्याची ओली वाळू. वाळू, बेंटोनाइट माती, पाणी आणि वरून थोडी कोळशाची भुकटी, मिक्सरमध्ये मळून घ्यायची आणि पॅटर्नवर, म्हणजे हव्या त्या आकाराच्या नमुन्यावर, दाबून साचा करायचा. साचा भाजत नाहीत, सुकवत नाहीत, ओलाच वापरतात म्हणून ग्रीन. रंग काळाकुट्ट असतो. धातू ओतला की त्यातला कोळसा जळून जो धूर येतो तो तुम्ही शेडमध्ये उभे राहून बघा म्हणजे पर्यावरणाशी त्या ग्रीनचा किती संबंध आहे ते कळेल. (नो-बेक म्हणजे रेझिन घालून घट्ट केलेली वाळू, तो वेगळाच वास.)

तर काकांनी एकदम प्रामाणिक उत्तर दिलं होतं. चूक माझी होती. आणि घरी येऊन आधीचे फॉर्म काढून बघितले तर अकरापैकी नऊ जणांनी त्याच प्रश्नाला पाच किंवा चार दिलेले, आता त्यातल्या किती जणांनी वाळूबद्दल उत्तर दिलं आणि किती जणांनी पर्यावरणाबद्दल हे सांगायला कुणाच्या बापाला जमणार नाही. सगळे अकरा फॉर्म बाजूला ठेवले. त्या रात्री जेवले नाही नीट, हे पण लिहून ठेवते.

थोडं मागचं सांगते. माझं पीएचडीचं काम कोल्हापूर भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या ग्रीन टेक्नॉलॉजी इनोव्हेशनवर आहे, म्हणजे कंपन्या पर्यावरणाला कमी त्रास होईल असं तंत्र किती आणि कसं आणतात, आणि त्याचं धंद्याला काय होतं. हे मोजायचं कसं? मोठ्या कंपन्यांचं सोपं असतं असं लोकांना वाटतं. शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाने बीआरएसआर नावाचा रिपोर्ट द्यावाच लागतो, त्यात वीज पाणी कचरा सगळे आकडे असतात. पेटंट बघायची म्हटली तर हवामानाशी संबंधित पेटंटवर वाय-झिरो-टू नावाचा टॅगच लावलेला असतो, तो शोधायचा आणि मोजायचं. पण गोकुळ शिरगावातल्या चाळीस माणसांच्या फाउंड्रीला ना बीआरएसआर ना पेटंट. तिथे जाऊन विचारणं एवढाच मार्ग. म्हणून सर्व्हे.

आणि सर्व्हे म्हटलं की आमच्याकडे पद्धत ठरलेली आहे. कुठल्यातरी नामांकित जर्नलमधली तयार प्रश्नावली उचलायची, गाइड सर हो म्हणाले की भाषांतर करायचं, दोनशे-तीनशे फॉर्म भरून आणायचे, स्मार्ट पीएलएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, कशामुळे काय होतं याचे बाण काढायचे. मी पण तेच केलं, खोटं कशाला बोलू. २००६ सालचा तैवानचा एक पेपर आहे, चेन, लाई आणि वेन यांचा, ग्रीन प्रॉडक्ट आणि ग्रीन प्रोसेस इनोव्हेशन मोजायची त्यांची आठ वाक्यं जगभर वापरली जातात. वाईट नाहीत ती. पण ती तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी हार्डवेअरवाल्या कंपन्यांसाठी लिहिलेली आहेत, त्यात एक वाक्य साधारण असं आहे की कंपनीची उत्पादन प्रक्रिया पाणी, वीज, कोळसा किंवा तेल यांचा वापर कमी करते.

आता हे वाक्य घेऊन मी गेले कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये. त्यांनी क्युपोला बंद करून इंडक्शन फर्नेस घेतली होती. क्युपोला म्हणजे उभी भट्टी, कोक जाळून लोखंड वितळवायची. इंडक्शन विजेवर चालते. म्हणजे कोक शून्यावर आला आणि वीज प्रचंड वाढली. चिमणीतला धूर गेला, महावितरणचं बिल आलं. आता सांगा या माणसाने 'पाणी, वीज, कोळसा किंवा तेल कमी झाले' या वाक्यापुढे काय टिक करायची? तो म्हणाला "कोळशाला पाच, विजेला एक, मग मधे तीन टाकू का?" आणि टाकलं तीन. माझ्या एक्सेलमध्ये हा माणूस 'तटस्थ' म्हणून गेला असता, ज्याने आख्खी भट्टी बदलली तो तटस्थ!

प्रश्नावलीच्या भाषेत याला दुहेरी प्रश्न म्हणतात, इथे तर चौहेरी होता. पुस्तकात पहिल्या धड्यात असतं की एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. मी पण वाचलं होतं. पण वाक्य जर्नलमधलं असलं की आपण नियम विसरतो, छापलंय म्हणजे बरोबरच असणार.

मग भाषांतराचा घोळ. इनोव्हेशनसाठी मी आधी शब्द वापरला होता 'नवोपक्रम'. पहिल्याच ठिकाणी सुपरवायझर म्हणाले ते झेडपीच्या शाळेतल्या मास्तरांची स्पर्धा असते ते का? बरोबर आहे त्यांचं, नवोपक्रम म्हटलं की शिक्षकच डोळ्यासमोर येतात. 'नवकल्पना' लिहिलं तर लोक कल्पना सांगायला लागले, असं करायचा विचार आहे तसं करायचा विचार आहे. मला झालेलं हवं होतं. 'इनोव्हेशन' लिहिलं तर सगळे म्हणाले तसलं काही नाही आमच्यात, ते मोठ्या कंपन्यांचं काम. आणि हे सांगताना मागे त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेली वाळू चाळायची यंत्रणा फिरत होती. मग प्रोफेशनल भाषांतर सोडलं आणि 'गेल्या काही वर्षांत शॉपमध्ये काय बदललं' एवढंच विचारायला लागले. बदल हा शब्द चालतो. सगळ्यांना कळतो.

दुसरा शब्द 'युनिट'. इंग्रजी फॉर्ममध्ये असतं दर युनिट उत्पादनामागे ऊर्जा. मी लिहिलं 'प्रति युनिट वीजवापर'. आता एमआयडीसीत युनिट म्हणजे कारखाना, आमचं दुसरं युनिट कागलला आहे असं म्हणतात, आणि युनिट म्हणजे लाईटचं युनिट. प्रति युनिट वीज म्हणजे काय मग, एका युनिटमागे एक युनिट? एका अकाउंटंटने तिथे ८.५० लिहिलं, मी दोन दिवस विचार करत होते की हा कसला आकडा, तो विजेचा दर होता रुपयात. त्याने त्याच्या बाजूने एकदम अचूक उत्तर दिलेलं. आता माझ्या फॉर्ममध्ये लिहिलंय 'एक टन लोखंड वितळवायला साधारण किती लाईटचे युनिट पडतात?' हा प्रश्न कुठल्याही मेल्टरला, म्हणजे भट्टीवरच्या माणसाला विचारा, झोपेतून उठवून विचारा, आकडा सांगतो. इंडक्शनवर साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे सांगतात, फर्नेस किती जुनी, भंगार किती गंजलेलं, पुढे मोल्डिंग अडलं की धातू किती वेळ धरून ठेवावा लागतो यावर वर-खाली. म्हणजे माहिती होती सगळी, आपण विचारत चुकीचं होतो.

तिसरा घोळ म्हणजे परत ग्रीन. वाळूवाला ग्रीन काढून टाकावा म्हणून मी 'ग्रीन कंपनी' असं लिहून बघितलं. तर एकांनी लगेच सांगितलं, "नाही ओ मॅडम, आमची कॅटेगरी ग्रीन नाही." कुठली कॅटेगरी? तर प्रदूषण मंडळाची. सीपीसीबीने, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने, २०१६ मध्ये उद्योगांचे प्रदूषणाच्या गुणांवरून रंग ठरवले, रेड ऑरेंज ग्रीन व्हाइट, तेव्हा ६० आणि वर गुण असले की रेड, २० पर्यंत व्हाइट असं होतं. उद्योजकाच्या डोक्यात ग्रीन म्हणजे ते, कन्सेंटवर, म्हणजे मंडळाच्या परवान्यावर, छापलेलं असतं. आणि तो रंग ठरतो तुमचा धंदा कुठला यावर, तुम्ही त्यात काय सुधारणा केली यावर नाही. तर एकाच एमआयडीसीत माझ्या एका शब्दाचे तीन अर्थ, एकात सगळेच पास, एकात सगळेच नापास, आणि तिसरा जो मला हवा होता तो कुणाच्याच मनात नाही.

तेव्हा ठरवलं की ग्रीन हा शब्द प्रश्नावलीतून पूर्ण हाकलायचा. हरित पण नको, पर्यावरणपूरक पण नको, शाश्वत तर नकोच नको.

हे ऐकून आमचे सर म्हणाले, ग्रीन इनोव्हेशनच्या सर्व्हेत ग्रीन नाही? एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) काय म्हणेल? मी वाद घालण्यापेक्षा वाचायला बसले, आणि वाचताना धीर आला. ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि युरोपची आकडेवारी संस्था युरोस्टॅट यांचं ऑस्लो मॅन्युअल आहे, इनोव्हेशन कसं मोजायचं याचा जगभरचा आधार, पहिली आवृत्ती १९९२, चौथी २०१८. त्यात व्याख्या एकदम जमिनीवरची आहे. नवीन किंवा सुधारलेलं प्रॉडक्ट किंवा प्रोसेस, तुमच्या आधीच्यापेक्षा ठळकपणे वेगळं, आणि प्रॉडक्ट असेल तर गिऱ्हाइकापर्यंत पोचलेलं, प्रोसेस असेल तर वापरात आलेलं. म्हणजे जगात पहिल्यांदा व्हायची गरज नाही, तुमच्या शेडमध्ये पहिल्यांदा झालं तरी चालतं. पण वापरात पाहिजे, नुसतं डोक्यात नको. आणि जुनं मशीन काढून तसंच नवीन आणलं तर ते इनोव्हेशन नाही, ती खरेदी.

दुसरं, युरोपात दर दोन वर्षांनी कंपन्यांचा इनोव्हेशन सर्व्हे होतो, सीआयएस म्हणतात त्याला. २००६ ते २००८ या काळाबद्दल जी फेरी घेतली तिच्यात पर्यावरणाचा वेगळा भाग घातला होता, नंतर २०१४ आणि २०२० च्या फेऱ्यांत परत. त्यांची मांडणी मला फार आवडली. तुम्ही ग्रीन आहात का असं विचारतच नाहीत. विचारतात की तुम्ही जे काही नवीन केलं त्यातून एका नगामागे माल कमी लागला का, ऊर्जा कमी लागली का, घातक माल बदलून कमी घातक आला का, कचरा पाणी परत वापरात आलं का, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत. आणि गिऱ्हाइकाने वापरताना काय फायदा झाला ते पण वेगळं. त्याच सुमाराला केम्प आणि पिअरसन या अभ्यासकांनी एमईआय नावाच्या प्रकल्पात इको-इनोव्हेशनची (पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या बदलाची) व्याख्या केली तिच्यात तर हेतूला महत्त्वच नाही. पर्यावरणासाठी केलं की पैशासाठी केलं सोडा, इतर पर्यायांच्या तुलनेत परिणाम काय झाला ते बघा.

हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली, कारण फाउंड्रीतला सगळ्यात मोठा ग्रीन बदल कुणी ग्रीन म्हणून सांगतच नाही. रिजेक्शन, म्हणजे दोष निघून बाद होणारा माल, कमी होणं. समजा महिन्याला १०० टन कास्टिंग (ओतून केलेले भाग) निघतं आणि रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ५ वर आलं. ३ टन कास्टिंग वाचलं. पण ३ टन चांगलं कास्टिंग मिळवायला रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटा आणि जादा धातूचे साठे, जे नंतर कापून टाकतात) धरून जास्त धातू वितळवावा लागतो, यील्ड, म्हणजे वितळवलेल्यातलं हाती येणारं कास्टिंग, ६० टक्के धरलं तर ५ टन. टनाला ६०० युनिट म्हणजे महिन्याला ३००० युनिट वीज नुसती वितळवण्यातली, वाळू, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), फेटलिंगची म्हणजे साफसफाईची मजुरी वेगळी. हे कुणी केलं तर क्वालिटीवाल्या मुलाने, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन बघून रायझरची जागा बदलून. त्याला विचारा तू पर्यावरणासाठी काय केलंस, तो म्हणेल मी काय नाही केलं, मागच्या वर्षी मालकांनी सोलर बसवलंय ते बघा.

सोलरचं पण सांगते. प्रत्येक मालक आधी छपरावर नेतो. छान दिसतं, फोटो काढतात. १०० किलोवॅटचं सोलर दिवसाला साधारण ४०० युनिट देतं. एक टन लोखंड वितळवायला ६०० लागतात. म्हणजे आख्खं छप्पर निळं करून दिवसाचा एक टन पण वितळत नाही. मी सोलरला नावं ठेवत नाहीये, ऑफिस कंप्रेसर थोडंफार चालतंच की त्यावर. पण माझ्या जुन्या फॉर्मवर सोलरवाल्याला पाच आणि रायझरवाल्याला एक मिळत होता, आणि मोजायला मी निघाले होते इनोव्हेशन.

तर नवीन फॉर्म असा झालाय. सुरुवातीला यादी, वाक्यं नाहीत, वस्तू. भट्टी बदलली? भट्टीला झाकण? वाळू परत वापरायची यंत्रणा? कॉम्प्युटरवर ओतकाम बघून मग पॅटर्न? कंप्रेसरची हवा गळती बंद केली? बाइंडर (वाळू धरून ठेवणारं द्रव्य) बदलला? लॅडल (वितळलेला धातू न्यायची बादली) तापवायची पद्धत? आणि शेवटी दोन रिकाम्या ओळी, 'यात नसलेलं पण तुम्ही केलेलं'. हो-नाही एवढंच. हो म्हटलं तरच पुढचे प्रश्न. कधी केलं, कुणी केलं, आज चालू आहे का, काय कमी झालं, कशावरून म्हणता.

'कुणी केलं' च्या पर्यायांवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. ऑस्लोच्या भाषेत स्वतः विकसित केलं, दुसऱ्याबरोबर, दुसऱ्याचं घेऊन बदललं, आयतं घेतलं असे पर्याय येतात. मराठीत ते सरकारी जीआर सारखं वाचायला लागतं. शेवटी असे लिहिले, 'सप्लायरने दिलं आणि बसवून गेला', 'सप्लायरने दिलं पण आम्ही त्यात डोकं लावून बदल केला', 'आम्हीच बनवलं', 'बनवायला सांगितलं उद्यमनगरातनं'. चौथा पर्याय सरांना पटेना, म्हणाले हा लोकल आहे. लोकल तर आहेच! शिवाजी उद्यमनगरात अर्ध्या कोल्हापूरची यंत्रं जन्माला आलीत, जुने नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून घेतात तिथे, आणि तो पर्याय नसेल तर लोक कुठली टिक करतील माहीत नाही. राहू दिला.

'कधी केलं' हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मॅन्युअलमध्ये म्हणतात एक ते तीन वर्षांचा काळ ठरवा आणि त्यातलंच विचारा. 'गेल्या तीन वर्षांत' म्हटलं की लोक सहा वर्षांपूर्वीचं पण त्यात ओढतात, अभिमानाची गोष्ट असली की ती कालच घडल्यासारखी वाटते. तारीख कुणाला आठवत नाही. पण एका ठिकाणी मेंटेनन्सवाले दादा म्हणाले "खंडेनवमीला पूजा झाली नव्हं तिची, पाणी आलं त्याच वर्षी." पाणी म्हणजे पूर, आणि पूर दोन, २०१९ चा ऑगस्टमधला आणि २०२१ चा जुलैमधला, दोन्ही वेळेला शिरोलीजवळ हायवे बंद होता. मग विचारलं कोरोनाच्या आधीचं पाणी का नंतरचं, नंतरचं म्हणाले. झालं, ऑक्टोबर २०२१. आता माझ्याकडे एक पट्टी आहे कागदाची, तिच्यावर लॉकडाऊन, दोन्ही पूर, दरवर्षीचा दसरा आणि मार्च एंड छापलेत, ती समोर ठेवते आणि बोट ठेवा म्हणते. आतापर्यंत बनवलेल्या सगळ्या गोष्टींत ही पट्टी सगळ्यात उपयोगी पडली, पीएचडीत तिला एक ओळ पण मिळणार नाही.

'आज चालू आहे का' हा प्रश्न एका बंद मशीनने शिकवला. वाळू रिक्लेम करायचा, म्हणजे साफ करून परत वापरण्याजोगी करायचा प्लांट, लाखो रुपयांचा, फॉर्मवर हो. चहा पिऊन निघताना शेडच्या मागे बघितला, त्याच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर मांजर. मी काही बोलले नाही, तेच म्हणाले की परतीच्या वाळूने कोअरला गॅसचे दोष यायला लागले, गिऱ्हाइकाने लॉट परत पाठवला, मग नवीन वाळूच परवडते. हे किती मोलाचं उत्तर आहे बघा! केलं, फसलं, का फसलं. जुन्या फॉर्ममध्ये याला जागाच नव्हती, तिथे तो हो झाला असता आणि मी खुशीत आकडा लिहिला असता. आता पर्याय तीन, 'रोज चालतं', 'कधीमधी', 'केलं होतं, सोडलं' आणि सोडलं असेल तर एक ओळ. लोक ती ओळ भरतात. यशापेक्षा फसलेलं जास्त मन लावून सांगतात, हे मला अपेक्षित नव्हतं.

सहमत-असहमत वाल्या वाक्यांचं काय झालं? बहुतेक काढली. एक तर आपल्याकडे घरी आलेल्या पोरीला कुणी 'असहमत' म्हणत नाही, चहा पाजतात, चार आणि पाच देऊन पाठवतात. दुसरं म्हणजे उलटी वाक्यं. पुस्तक सांगतं की मधेमधे नकारार्थी वाक्य टाका म्हणजे डोळे झाकून टिक करणारे पकडता येतात. मी टाकलं, 'आमच्याकडे वापरलेली वाळू परत वापरली जात नाही.' आता मराठीत याला 'हो' म्हटलं तर हो, वापरत नाही, आणि 'नाही' म्हटलं तर नाही, वापरत नाही. दोन्हीचा अर्थ तोच! एका माणसाने असहमत वर टिक केली आणि वर तोंडी म्हणाला नाही वापरत. अशा वाक्याने अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या खाली गेला की आपण म्हणतो प्रतिसाद देणारे निष्काळजी आहेत.

आणि भीती. हा फॉर्म प्रदूषण बोर्डाला जाणार का, हे मला किमान निम्म्या ठिकाणी विचारलं. मी आधी पहिल्याच पानावर कन्सेंटची मुदत, सांडपाणी, चिमणीची टेस्ट असलं सगळं विचारत होते, मूर्खपणा होता नुसता. पहिल्या पानावर ते बघितलं की माणूस आवळतो, पुढची सगळी उत्तरं वकिलाने लिहून दिल्यासारखी येतात. आता ते सगळ्यात शेवटी, आणि त्यातले काही प्रश्न 'या भागातल्या फाउंड्रीवाल्यांना साधारण काय अडचण येते' असे फिरवून. दुसऱ्याचं सांगताना स्वतःचं सांगतात लोक.

आता सरांबरोबरचा न मिटलेला मुद्दा. त्यांचं म्हणणं यादीतून स्ट्रक्चरल मॉडेल, म्हणजे ते बाणांचं चित्र, होत नाही, लिकर्टच (सहमत-असहमतच्या पाच चौकटी) पाहिजे. मॉडेल होतं तसं पण ते वेगळ्या पद्धतीने बांधावं लागतं आणि डिपार्टमेंटमध्ये ते कुणी केलेलं नाही हा खरा प्रॉब्लेम. माझं म्हणणं असं की एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारायचं तुम्ही किती ग्रीन, आणि दोन पानांनी तुमचा नफा किती वाढला, दोन्हीला तो चार देणार आणि मग आपण लिहिणार की ग्रीनमुळे नफा वाढतो. तो संबंध कंपनीत नसतो, त्या माणसाच्या मूडमध्ये असतो. यावर उपाय म्हणून सगळे शेवटी हार्मनची टेस्ट (असा खोटा संबंध आहे का ते तपासायची आकडेमोड) चिकटवतात आणि ती जवळपास नेहमीच पास होते. मला वाटतं त्यापेक्षा माणसं वेगळी करावीत. बदलांची यादी मेंटेनन्स किंवा मेल्टिंगवाल्याकडून, वीज आणि कोकचे आकडे अकाउंट्समधून बिल बघून, आणि का केलं हे मालकाकडून. तीन माणसं गाठायला तीन चकरा होतात, पेट्रोल माझं. पण एकदा असं झालं की मालक म्हणाले कस्टमरच्या ऑडिटमुळे केलं आणि मेल्टर म्हणाला उन्हाळ्यात समोर उभं राहवत नव्हतं म्हणून केलं, एकाच झाकणाबद्दल!

त्या झाकणाचं सांगायचंच राहिलं. फर्नेसचं तोंड उघडं असलं की वरून उष्णता सतत जाते, म्हणून झाकण. बाजारात हायड्रॉलिक झाकणं मिळतात. इथे त्या मेल्टरने जुन्या फुटक्या लॅडलचा पत्रा कापून, आतून सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारं जाड अस्तर) लावून, छपराच्या गर्डरला काउंटरवेट टांगून झाकण केलं होतं, काउंटरवेट म्हणजे रिजेक्ट झालेली दोन कास्टिंगं. एका हाताने वर जातं. खर्च विचारला तर म्हणाला ब्लँकेटचेच काय ते पैसे. माझ्या जुन्या फॉर्मच्या एकाही प्रश्नात हे झाकण बसलं नसतं. नव्यात बसतं, पण अर्धवट, कारण 'काय कमी झालं, कशावरून' या ओळीत तो लिहितो 'गरम कमी लागतं, अंगावरनं'. मीटर वेगळा नाही, फर्नेस आणि बाकी शॉप एकाच मीटरवर. आता हे मी मोजलेलं धरू का न मोजलेलं? सध्या चार पर्याय ठेवलेत, वेगळ्या मीटरवरून, बिलावरून, अंदाजाने, आणि 'जाणवतं'. सर जाणवतं ला हसले. काढा म्हणाले नाहीत मात्र.

पुढच्या महिन्यात तिसरी पायलट (चाचणी) फेरी आहे, या वेळेला इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगवाल्यांकडे पण जाणार आहे, आणि तिथे मी परत पहिलीत आहे. वाळू, टन, रिजेक्शन हे सगळं तिथे उपयोगाचं नाही, तिथे पाणी, वाफ आणि रंग. एका मीटर कापडाला पाणी किती असं विचारायचं की एका किलोला, की एका बॅचला, आणि परत रंगवावं लागलं तर त्याला तिथे काय म्हणतात? जिगर किंवा सॉफ्ट-फ्लो या कापड रंगवायच्या मशीनवर काम केलेलं कुणी वाचत असेल तर कमेंटमध्ये सांगा. पुस्तकातला शब्द नको, मुकादम ओरडताना कुठला शब्द वापरतो तो सांगा.